कोपराची नस ‘पुढे आणून ठेवतात’ म्हणजे नेमकं काय करतात?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझे मिस्टर ४७ वर्षांचे आहेत. नौपाड्यात टेलरिंगच्या दुकानात कटिंग मास्तर आहेत, आम्ही राहायला कळव्याला. लहानपणी, सात-आठ वर्षांचे असताना, गावी चिंचेच्या झाडावरून पडून त्यांचं उजवं कोपर मोडलं होतं. हाडवैद्याने कामट्या बांधल्या. हात बाहेरच्या बाजूला वाकडा राहिला, पण आजवर त्याचा कधी त्रास झाला नाही. गेल्या वर्षभरात करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. आता कात्री नीट धरवत नाही, शर्टाची बटणं लावायला मला बोलावतात. आधी मानेचा एमआरआय झाला, मणक्यात थोडी झीज निघाली. नंतर नसांची तपासणी झाली. आता डॉक्टर म्हणतात, कोपराशी नस दबली आहे, ऑपरेशन करून ती मागून पुढे आणून ठेवू. शेजारच्या काकू म्हणतात, नसेला हात लावला की हात लुळा पडतो. दीर म्हणतात, तेल लावून शेक द्या, उतरेल. नस हलवायची म्हणजे काय? आणि चाळीस वर्षांपूर्वीचं दुखणं आत्ता कसं वर आलं? परवा दुकानात करंगळीला इस्त्रीचा चटका बसला, तर फोड आल्यावर त्यांना कळलं. — एक वाचक, कळवा

ताई,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी आधी घेते. ज्या बोटाला चटका कळत नाही, ते बोट स्वतःचं रक्षण करू शकत नाही. त्यामुळे आजपासून मिस्टरांनी दुकानातली इस्त्री दुसऱ्या कुणाकडे द्यायची, आणि दिरांनी सुचवलेला शेक पूर्ण बंद. गरम पाण्याची पिशवी, तव्यावर गरम केलेलं फडकं, यातलं काहीही त्या हाताला लावायचं नाही. शेकाने दबलेली नस सुटत नाही, आणि बधिर कातडी भाजलेली कळतही नाही. असे भाजलेले हात घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना आधी जखमेचे उपचार करावे लागतात, त्यात महिना जातो, आणि मूळ दुखणं तसंच मागे राहतं. आतल्या बाजूला कोपरावर जोराने मालिशही नको. तिथे चोळलं की दबलेली नस आणखी दबते. आणि फोड फोडू नका, स्वच्छ फडक्याने झाकून डॉक्टरांना दाखवा.

आता काकूंची भीती. ती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तिचं मूळ आपल्या भाषेत आहे. ‘नस’ हा एकच शब्द आपण किती गोष्टींना वापरतो बघा. रक्त काढताना सिस्टर म्हणतात ‘नस सापडत नाही’, ती रक्तवाहिनी. रात्री पोटरीत ‘नस चढते’, तो आखडलेला स्नायू. मूठ आवळली की मनगटावर दोऱ्या वर येतात त्यांनाही लोक नसाच म्हणतात, त्या असतात स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा. तुमच्या मिस्टरांची दबलेली नस यातली कुठलीच नाही. ती मज्जातंतू आहे. हजारो बारीक तंतूंची, वर आवरण असलेली जुडी, कोपराशी पेन्सिलीपेक्षा जराशी बारीक. तिच्यातून बोटांना हुकूम जातात आणि बोटांची जाणीव परत वर येते. तिला हात लावला म्हणून हात लुळा पडत नाही. ती कापली, चिरडली, जास्त ताणली किंवा वर्षानुवर्षं दाबून ठेवली, तर पडतो. यातलं शेवटचं तुमच्या घरी आधीच चालू आहे, ऑपरेशनशिवाय.

या नसेला अल्नर नर्व्ह म्हणतात. तिच्याशी आपली सगळ्यांची ओळख आहे. गाडीत शिरताना दरवाज्याच्या दांड्यावर कोपर आपटतं आणि करंगळीपर्यंत वीज गेल्यासारखं होतं, ती हीच.

हाताला तीन मोठ्या नसा मिळतात. त्यांपैकी दोन, मीडियन आणि रेडियल, कोपराच्या पुढच्या बाजूने जातात. एकटी अल्नर मागच्या बाजूने जाते. इथेच तिचं सगळं नशीब ठरतं. कोपर वाकवलं की पुढच्या दोघी सैल पडतात आणि मागची ताणली जाते. मानेच्या तळाशी निघून ती काखेतून दंडाच्या आतल्या अंगाने उतरते, दंडाच्या मध्याजवळ एका जाड पडद्यातून मागे जाते आणि कोपराच्या आतल्या बाजूचं जे टोक हाताला लागतं, त्याच्या मागच्या खोबणीत शिरते. खाली हाड आणि सांध्याचं आवरण, वर एक घट्ट पट्टा, आणि त्यावर जवळजवळ नुसती कातडी.

तुम्हाला हे समजावायला टेलरच्या घरात उदाहरण शोधावं लागत नाही. नेफा आणि नाडी. खोबण आणि वरचा पट्टा मिळून नेफा, नस म्हणजे त्यातली नाडी. कोपर सरळ असतं तेव्हा नाडी नेफ्यात मोकळी सरकते. कोपर पूर्ण वाकवलं की नेफ्याची पोकळी जवळजवळ निम्मी होते आणि त्याच वेळी नाडी दोन्ही टोकांनी ताणली जाते. चांगल्या हाताला हे दिवसात शंभरदा सोसतं. पण तुमच्या मिस्टरांचा हात बाहेर वाकलेला आहे. वळण बाहेरच्या बाजूला गेलं, म्हणजे आतल्या अंगाचा रस्ता लांबला. नाडी मात्र तेवढीच. कापड वाढवलं आणि अस्तर तोकडं राहिलं तर काय होतं, हे मास्तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

मग चाळीस वर्षं का लागली? मी त्यांचा एक्स-रे पाहिलेला नाही, पण त्या वयात पडून असा बाहेर वाकडा राहिलेला हात म्हणजे बहुतेक वेळा कोपराच्या बाहेरच्या बाजूचा हाडाचा तुकडा सुटलेला असतो. लहान मुलात त्या तुकड्याचा मोठा भाग कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा असतो, एक्स-रेत नीट दिसतही नाही. मनगटाचे स्नायू त्याला ओढत राहतात, त्यामुळे नुसतं बांधून तो अनेकदा जुळत नाही. मग बाहेरची बाजू वाढीत मागे पडते आणि हात बाहेर झुकतो. नस त्या ताणाशी वर्षानुवर्षं जुळवून घेते. प्रत्येक वाकवण्याला थोडी घासते, तिच्या आवरणात चिवटपणा येतो, तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या आवळल्या जातात, आणि एक दिवस तिची सोसण्याची ताकद संपते. हा उशिराचा अल्नर लकवा वैद्यकशास्त्राला जुना माहीत आहे. फ्रान्समध्ये पानास नावाच्या सर्जनने १८७८ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. तेव्हा तुमच्या हातून काही राहून गेलं, असं मनाला लावून घेऊ नका. हाडवैद्याला आज दोष देऊनही उपयोग नाही.

मानेच्या झिजेचं काय, असा प्रश्न तुमच्या मनात असणार. सत्तेचाळिसाव्या वर्षी मानेचा एमआरआय काढला की थोडी झीज बहुतेकांत दिसते. दोष खरोखर कुठे आहे, हे बोटंच सांगतात. मिस्टरांना डोळे मिटायला सांगा आणि कापसाच्या बोळ्याने अनामिकेला दोन्ही बाजूंनी हलकेच स्पर्श करा. करंगळीकडची बाजू बधिर आणि मधल्या बोटाकडची चांगली असेल, म्हणजे एकाच बोटाची उभी वाटणी झाली असेल, तर बोट कोपराच्या नसेकडे दाखवतं. मानेत नसेचं मूळ दबलं तर अनामिका अशी मधोमध वाटली जात नाही, आणि बधिरपणा बहुतेक वेळा मनगट ओलांडून हाताच्या आतल्या अंगाने कोपराकडेही चढतो. तळहाताची मागची बाजू करंगळीकडे बधिर असेल, तर दोष मनगटात नसून वर आहे, कारण तिकडची शाखा मनगटाच्या आधीच फुटते.

नसांच्या तपासणीचा कागद असेल तर त्यात कोपराजवळच्या भागात नसेतून संदेश जाण्याचा वेग किती आला आहे ते बघा. तिथे तो सेकंदाला ५० मीटरच्या खाली आला असेल किंवा कोपराखालच्या भागापेक्षा १० मीटरहून जास्त घसरला असेल, तर तो दाब कोपराशीच आहे.

आणखी एक तपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा, लाजू नका. अल्नर नस आपल्याकडे कुष्ठरोगातही सुजते, आणि तिची आवडती जागा कोपराच्या जरा वरच आहे. अंगावर कुठे फिकट, बधिर चट्टा नाही ना, नस हाताला जाड लागत नाही ना, हे पाहायला दोन मिनिटं लागतात. तुमच्या घरी कारण जुन्या मोडीचं आहे, हे जवळजवळ उघड आहे. तरीही पाहायला हवं, कारण त्या आजाराला सरकारी दवाखान्यात मोफत औषध मिळतं, तो पूर्ण बरा होतो, आणि त्यात उपचारांची दिशाच बदलते. साखर आणि बी-१२ सुद्धा तपासून घ्या. साखर जास्त असेल तर नस आधीच अशक्त असते आणि सावरायला वेळ लावते.

आता ऑपरेशन. नस कापत नाहीत. तोडून दुसरीकडे जोडत नाहीत. हे वाक्य काकूंना वाचून दाखवा.

हाताला किंवा पूर्ण भूल देतात. दंडाला पट्टा बांधून थोडा वेळ रक्त थांबवतात, म्हणजे आतलं स्वच्छ दिसतं. कोपराच्या आतल्या बाजूला छेद घेतात. कातडीखाली लगेच एक बारीक नस आडवी जाते, हाताच्या आतल्या अंगाच्या कातडीला जाणीव देणारी. ती जपणं हे या ऑपरेशनातलं पहिलं कौशल्य. ती दुखावली की मूळ काम कितीही छान झालं तरी माणूस महिनोन्‌महिने ‘टाक्यांच्या जागेवर शर्ट घासला तरी झणझणतं’ म्हणत येतो. मग नस शोधतात, नेहमी वर दंडाकडून, जिथे ती निरोगी असते. तिच्यावरचा पट्टा उघडतात. कोपराच्या वर साधारण ८ सेंटीमीटरवर कधी कधी आणखी एक कमान आवळत असते, ती बघतात. खाली मनगट वाकवणाऱ्या स्नायूच्या दोन डोक्यांमधून ती आत शिरते, तिथलंही मोकळं करतात. त्या स्नायूला जाणाऱ्या तिच्या छोट्या फांद्या राखायच्या असतात.

इथपर्यंत नुसता नेफा उसवला. हात सरळ असलेल्या माणसात बहुतेक वेळा एवढं पुरतं, आणि अशा साध्या रुग्णांत नस पुढे आणण्याने जास्त फायदा होतो असं दिसलेलं नाही. म्हणून इतरांच्या ऑपरेशनशी तुलना करू नका. तुमच्या मिस्टरांच्या हाताला वाकडेपणा आहे. नेफा उसवला तरी नाडी लांबच्या रस्त्याने ताणलेलीच राहील. म्हणून तिला तिच्या रक्तवाहिन्यांसकट हलकेच उचलतात आणि कोपराच्या टोकाच्या पुढे, चरबीच्या मऊ थरात किंवा स्नायूखाली ठेवतात. आता ती मीडियन आणि रेडियलसारखी पुढच्या बाजूची झाली. कोपर वाकवलं की ताणण्याऐवजी सैल पडेल. नस ‘पुढे आणून ठेवणं’ ते एवढंच. तुमच्या डॉक्टरांनी हे सुचवलं, त्याचं कारण मला पटतं.

यात एक बारकी जागा आहे जिथे ऑपरेशन फसतं. मागे मी दंडातल्या जाड पडद्याचा उल्लेख केला. नस पुढे आणली आणि तो पडदा तसाच ठेवला, तर त्याच्या धारेवर नसेला नवी घडी पडते. चांगला सर्जन तो भाग कापून काढतो, आणि टाके घालण्याआधी टेबलावरच कोपर पूर्ण वाकवून, पूर्ण सरळ करून नस कुठे अडत नाही ना हे बघतो. तुम्ही विचारायचं ते असं : ‘ऑपरेशन संपेल तेव्हा नस नेमकी कुठे असेल, आणि वरचा पडदा काढणार का?’ हा प्रश्न ऐकून चांगला डॉक्टर रागावत नाही. तो कागद घेऊन चित्र काढून दाखवतो. वाकडं हाड सरळ करायची गरज आहे का, हेही त्याच वेळी विचारा. प्रत्येकाला ती नसते. चाळीस वर्षं हात चालला आहे, कोपर दुखत वा डगमगत नसेल तर बहुधा लागणार नाही.

मिस्टरांना सर्जनने अंगठा वर करायला, गोल चिमूट करायला सांगितलं असेल, आणि करंगळीच्या दुखण्यात अंगठा कशाला, असं तुम्हाला वाटलं असेल. कोपराच्या कुठल्याही ऑपरेशनआधी तिन्ही नसा तपासून लिहून ठेवायच्या असतात. अंगठा आणि तर्जनीच्या टोकांची नीट गोल चिमूट जमते ती मीडियनच्या एका शाखेमुळे. पडून कोपराच्या वर हाड मोडलेल्या लहान मुलांत ती शाखा वारंवार दुखावलेली आढळते, आणि त्यात बधिरपणा नसतो, म्हणून आई-वडिलांच्या लक्षात येत नाही. अंगठा आणि बोटं वर उचलतात ती रेडियलच्या खोल शाखेने. ती कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाच्या ‘माने’ला, म्हणजे डोक्याखालच्या निमुळत्या भागाला, वेढा घालून जाते. त्या बाजूने ऑपरेशन करताना तळहात खाली वळवून ठेवतात, तेवढ्याने ती शाखा चाकूपासून दूर सरकते. शरीररचना शिकवताना मला ही गोष्ट फार आवडायची. नुसता हात पालथा केला आणि नस वाचली.

यानंतर हात किती सुधारेल, हे मी गोड करून सांगणार नाही. रात्रीच्या मुंग्या आणि दुखणं पुष्कळांत काही दिवसांत, आठवड्यांत कमी होतं. ताकद मात्र हळू येते. तंतू नव्याने वाढायचे असतील तर ते साधारण दिवसाला एक मिलिमीटर वाढतात. कोपरापासून तळहातातल्या स्नायूंपर्यंत २५ ते ३० सेंटीमीटर अंतर आहे. म्हणजे निदान आठ ते दहा महिने, कधी त्याहून जास्त. दरम्यान स्नायू नसेची वाट पाहत असतात, आणि ते अनंत काळ वाट पाहत नाहीत. वर्ष-दीड वर्ष हुकूमच मिळाला नाही तर ते आकसतात आणि नंतर नस आली तरी पूर्ण उठत नाहीत. अंगठा आणि तर्जनीच्या मधली जागा हाताच्या मागून बघा. तिथे खड्डा पडला असेल तर स्नायू गळायला लागले आहेत. कात्री धरवत नाही म्हणता, त्यावरून मला तो पडला असावा असं वाटतं. कात्रीचा जोर त्याच स्नायूतून येतो.

म्हणून माझं मत सरळ आहे : ऑपरेशन करा, आणि ‘गणपतीनंतर बघू, दिवाळीची घाई संपू दे’ असं करू नका. टेलरच्या घरात सीझनचं महत्त्व मला कळतं, पण प्रत्येक महिना हा परत येणाऱ्या ताकदीतून वजा होतो. सगळं पूर्वीसारखं होईल अशी हमी मी देत नाही, कुणीही देऊ नये. आहे ते थांबवणं आणि शक्य तेवढं परत मिळवणं, हे उद्दिष्ट धरा. काही राहिलंच तर पुढे दुसऱ्या स्नायूची कंडरा वळवून चिमटीला जोर देण्याचीही ऑपरेशनं असतात.

दुसरं मत हवं असेल तर ते तुमच्या जवळच आहे. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे, तिथल्या अस्थिरोग ओपीडीत कागद घेऊन जा. खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. आधार आणि रेशनकार्ड दाखवून हे ऑपरेशन योजनेत बसतं का, हे त्यांनाच विचारा.

तारीख मिळेपर्यंत काय? रात्री झोपताना जुना टॉवेल कोपराभोवती गुंडाळून सैलसा बांधा, म्हणजे हात पूर्ण वाकणार नाही. पुष्कळ माणसं कोपर दुमडून, हात उशीखाली घेऊन झोपतात आणि सकाळी मुंग्या वाढलेल्या असतात. फोन कानाला धरून बोलायचं नाही, इअरफोन लावायचा. कटिंगच्या टेबलावर कोपर टेकायचं नाही. कळवा ते ठाणे एकच स्टेशन असलं तरी गर्दीत कोपर वाकवून वरची कडी धरून उभं राहणं टाळा, डाव्या हाताने धरा.

एक काम या रविवारी करा. मास्तर ज्या खाकी कागदावर माप काढतात, त्याच्या दोन पट्ट्या कापा. दोन्ही हातांत एकेक पट्टी, अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये, किल्ली धरतात तशी धरायला सांगा आणि तुम्ही दोन्ही एकदम ओढा. उजव्या अंगठ्याचं टोक आकड्यासारखं वाकेल, कारण दुबळ्या स्नायूची जागा दुसऱ्या नसेवर चालणारा स्नायू भरून काढतो. मग बोटं पसरायला सांगा, करंगळी आत येते का बघा, गोल चिमूट आणि वर केलेला अंगठाही घ्या. सगळ्याचा मोबाइलवर व्हिडिओ करा आणि सर्जनला दाखवून केस पेपरवर त्याची नोंद करायला सांगा. ऑपरेशननंतर दर महिन्याच्या त्याच तारखेला, त्याच खाकी कागदाने, तोच व्हिडिओ पुन्हा. चौथ्या-पाचव्या महिन्यात मिस्टर म्हणतील ‘काही फरक नाही’, तेव्हा पहिला आणि शेवटचा शेजारी शेजारी लावून दाखवा, आणि मलाही कळवा.